नारळ मिळाला तर काय करायचं, आणि नाही मिळाला तर

मीटिंगचं इन्व्हाइट येतं त्यात विषय नसतो, नुसतं "क्विक कनेक्ट", पंधरा मिनिटं, आणि मॅनेजरच्या नावाखाली एचआरमधलं एक नाव असतं जे तुम्ही आजवर कधी ऐकलेलं नसतं. ते दुसरं नाव दिसलं की कपातीत आपला नंबर लागला हे समजून जायचं. मी खराडीत एका कंपनीत टेस्टिंगला होते, या धंद्यात चौदा वर्षं झाली, २०२३ ला आमची अर्धी टीम गेली तेव्हा मी उरले होते आणि नंतर दुसऱ्या कंपनीत माझाच नंबर लागला. दोन्ही बाजू बघून झाल्यात म्हणून लिहितेय. बहुतेक गोष्टी आयटीतल्या आहेत पण चाकण-रांजणगावच्या ऑफिस स्टाफलाही बऱ्याच लागू पडतील.

तर त्या खोलीत काय होतं ते आधी. आवाज एकदम मऊ असतो. रिस्ट्रक्चरिंग चाललंय, तुझ्या कामाबद्दल काही तक्रार नाही, तू आत्ता पोर्टलवर रिझाइन टाक, नाहीतर टर्मिनेट करावं लागेल आणि मग पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तुलाच त्रास होईल. टाकू नका. त्या खोलीत काहीही टाइप करायचं नाही, सही करायची नाही, फक्त एकच वाक्य, "हे सगळं मला मेलवर पाठवा, मी वाचून दोन दिवसांत कळवते." ते परत तेच बोलतील, तुम्ही परत तेच वाक्य बोला. रडू आलं तर रडा, त्याने काही बिघडत नाही, सही केल्याने बिघडतं.

कारण राजीनामा म्हणजे कागदावर तुमची स्वतःची मर्जी. मर्जीने गेलेल्याला कपातीची भरपाई मागता येत नाही, नंतर तक्रार करायला गेलं की समोरचा तोच कागद काढून दाखवतो. आणि होमलोनसोबत कुणी नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा घेतला असेल तर तो सहसा राजीनाम्याला पैसे देत नाही, हे माझ्या एका मित्राला क्लेम नाकारल्यावर कळलं. आता खरं सांगते, शेवटी मीपण राजीनामाच दिला. पण चार दिवसांनी, तीन महिन्यांचा पगार, महिनाअखेरपर्यंत मेडिक्लेम आणि लेटरची भाषा हे सगळं मेलवर लेखी घेऊन. पहिल्याच दिवशी दिला असता तर एका महिन्याच्या पगारावर बोळवण झाली असती, माझ्याच बॅचमधल्या दोघांची झाली.

मेल येईपर्यंतच्या वेळात लॅपटॉप हातात असेल तर पगाराच्या सगळ्या स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर, इन्क्रिमेंटची लेटरं, पीएफचा यूएएन नंबर आणि शिल्लक रजा दाखवणाऱ्या पानाचा फोटो एवढं स्वतःकडे घ्या. फक्त स्वतःचं. कोड, क्लायंटची कागदपत्रं, टेस्ट केसेस यातलं काहीही पर्सनल मेलवर पाठवू नका, तेवढं एक कारण मिळालं की सेव्हरन्सची, म्हणजे काढताना कंपनी देते त्या पैशांची, चर्चा तिथेच संपते. कुणाकुणाचा अ‍ॅक्सेस मीटिंग संपायच्या आत बंद होतो, त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची नोकरी आज शाबूत आहे त्यांनी याच शनिवारी बसून करून टाका.

पैशांचं. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे, कंपनी उपकार करत नाहीये. हिशोब सोपा, निदान शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक ६०,००० आणि आठ वर्षं असतील तर साधारण २ लाख ७७ हजार होतात. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात, हे एचआरला आठवण करून द्यावं लागतं. पैसे ३० दिवसांत यायला हवेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत आणि त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे माणूस काढला काय किंवा त्याने राजीनामा दिला काय, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. "फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी होईल" असं कुणी सांगितलं तर हा नियम लिहून मेल करा, मेल नम्रच असू द्या.

कपातीची भरपाई म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ही कायद्याच्या व्याख्येत जो कामगार बसतो त्याला मिळते. आयटीवाले म्हणतात आपण कुठले कामगार, आपल्याला तर पदात मॅनेजर लिहिलंय. पण भांडण झालं तर व्हिजिटिंग कार्ड बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतात, हाताखाली एक माणूस नसलेले "असिस्टंट मॅनेजर" आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यामुळे आपण बसत नाही असं परस्पर ठरवू नका, कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा, तासाभराची फी वसूल होते. पुण्यात नाइट्स ही आयटीवाल्यांची संघटना आहे, ते अशा सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेतात. तक्रार केली की इंडस्ट्रीत नाव काळं होतं ही भीती मलाही होती. पण कंपनीसोबत मेलवर घासाघीस करणं म्हणजे तक्रार नव्हे, तेवढं तरी प्रत्येकाने करावंच.

पीएफला हात लावायची घाई नको. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि नुसता पडून राहिला तरी व्याज चालू राहतं, नवीन नोकरी लागली की ट्रान्सफर करायचा. पैसे काढायचे नियम अलीकडे बदलत राहिलेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नका, ईपीएफओच्या साइटवर बघा.

मेडिक्लेम मात्र घाईची गोष्ट आहे. कंपनीची पॉलिसी बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संपते, आणि त्यात आईवडील असतात, कुणाला शुगर, कुणाला बीपी. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला वेटिंग पिरियड वाया जात नाही, पण अर्ज पॉलिसी संपायच्या आत गेला पाहिजे. नवीन पॉलिसी पहिल्यापासून घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी हे अगदी काठावर येऊन केलं, दोन दिवस राहिले होते.

हप्त्याचं एवढंच सांगते, पहिला हप्ता बाउन्स व्हायच्या आधी ब्रँचला जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं, त्याच्या आधी बँक बोलायला तयार असते, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का ते विचारा, देतीलच असं नाही. आणि सेव्हरन्सचे पैसे आले म्हणून लोनचा मोठा तुकडा फेडून मोकळं व्हायची हुक्की येते आमच्यासारख्या मध्यमवर्गीय माणसांना, ती दाबा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय एक रुपया तिकडे टाकू नका.

घरी कधी सांगायचं? त्याच दिवशी. मी सासूबाईंना संध्याकाळी सांगितलं, रात्रीपर्यंत अख्ख्या सोसायटीला माहीत झालं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका आले, म्हणाले माझा भाचा हिंजवडीला आहे, सीव्ही दे. असे तीन रेफरल लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मिळाले, दोन फुकट गेले, तिसऱ्यातून इंटरव्ह्यू तरी झाला. लपवलं असतं तर तेवढंही नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीला वाटतं चांगल्या माणसाला कोण काढेल, त्यांना सरळ सांगायचं की ज्या टीसीएसला लोक सरकारी नोकरीसारखी धरायचे तिनेच जुलै २०२५ मध्ये साधारण १२ हजार माणसं, म्हणजे २ टक्के, कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. १२ हजार माणसं एकदम आळशी झाली असं तर नाही ना.

मुलांनाही सांगा, त्यांना तसंही कळतं. फक्त त्यांच्यासमोर फीचा विषय काढू नका.

ज्यांची भावंडं अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ ची, म्हणजे तिथे कधीपर्यंत राहता येतं त्या नोंदीची, तारीख त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नवीन कंपनीची पिटिशन दाखल व्हायला हवी किंवा दुसऱ्या स्टेटससाठी अर्ज जायला हवा. पगार दोन महिने चालू ठेवलाय आणि काम काढून घेतलंय असं असेल तर मोजणी कुठून धरायची हे तिथल्या वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारायचं. इथून आपण रोज फोन करून "काय झालं, लागलं का काही" विचारायचं नाही.

आता जे उरलेत त्यांचं. २०२३ ला मी उरले आणि पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, सुटले बाई, असं वाटलं. मग आठवडाभर झोप नाही. जी मैत्रीण गेली तिचीच केटी माझ्याकडे आली, म्हणजे तिने मला तिचं काम शिकवायचं आणि जायचं. मी त्या कॉल्सवर नुसत्या नोट्स काढत बसले, एकदाही विचारलं नाही की तू कशी आहेस, वाटायचं काय बोलणार. तिला वाटलं मला काही पडलेली नाही. ती गाठ सुटायला वर्ष गेलं. केटी सुरू करायच्या आधी पाच मिनिटं रेकॉर्डिंग बंद ठेवून माणसासारखं बोला, काय बोलायचं ते सुचलं नाही तर तसंच सांगा.

दुसरं, गेलेल्यांचं काम तुमच्यावर येणार, आणि भीतीपोटी तुम्ही सगळ्याला हो म्हणणार. मॅनेजरला मेल टाका, माझ्याकडे ही आधीची चार कामं, ही नवीन तीन, यातलं काय थांबवू. बहुतेकदा उत्तर येत नाही, चालेल, मेल राहतो आणि अप्रेझलला उपयोगी पडतो. रात्री अकरापर्यंत बसून नोकरी वाचते हा गैरसमज आहे, आमच्यात जी रात्री अकरापर्यंत बसायची ती पण गेली. सीव्ही तुम्हीही अपडेट करा, सहा महिन्यांचा खर्च तुम्हीही साठवा. पुढच्या लिस्टमध्ये कोण याचे ग्रुप म्यूट करून टाका, त्यातलं निम्मं खोटं निघतं आणि दिवस मात्र जातो.

टीम लीड असाल तर "आता आणखी कुणी जाणार नाही" असं बोलू नका, ते तुमच्या हातात नसतं आणि दुसरी फेरी झाली की तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही. "आपण सगळे एक फॅमिली" हे तर अजिबातच नको.

आणि गेलेल्याला मदत करायची तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कुणीही सांगत नाही. सीव्ही मागून घ्या, रेफरल पोर्टलवर नुसता टाकून न देता ज्या टीमला माणूस हवाय तिथल्या मॅनेजरला दोन ओळी लिहा, लिंक्डइनवर त्याच्या कामाबद्दल नाव घेऊन रेकमेंडेशन लिहा, त्याला वीस मिनिटं लागतात. फोन करायचा तर शनिवार-रविवारी नको, तेव्हा घर भरलेलं असतं, कुणीतरी ऐकत असतं, तो बरा आहे असंच सांगणार. सोमवारी सकाळी दहाला करा, स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या, वेळेला. मुलं शाळेत गेलेली असतात, लॅपटॉप नसतो, आणि माणूस चहाचा दुसरा कप घेऊन घड्याळाकडे बघत बसलेला असतो.