घरी कॉस्च्युम शिवताय? या चुका टाळा, आणि बुटाला चेन लावा

एकांकिकांचा सीझन सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, परवा प्रयोग आहे, कंपनी सरकारचा कॅप्टन आहे, लाल कोट आणि गुडघ्यापर्यंत बूट, बाकी काही नाही." बाकी काही नाही! त्या 'बाकी काही नाही'मध्ये माझ्या किती रात्री गेल्यात ते माझ्या मशिनलाच माहीत. मी काही शिकलेली डिझायनर नाही, घरी शिवते, आधी लेकीच्या फॅन्सी ड्रेससाठी, मग तिच्या कॉलेजच्या ग्रुपसाठी आणि आता ओळखीपाळखीत कुणीही हक्काने येतं. पण तेच तेच गोंधळ निस्तरून आता कंटाळा आलाय, त्यामुळे एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करण्याऐवजी हेच पाठवीन.

उदाहरणाला तोच कॅप्टन घेऊ, साधारण १८००च्या आसपासचा इंग्रज ऑफिसर, कारण त्यात जुनं कापड उसवणं, नवीन शिवणं आणि बूट तिन्ही येतं.

बुटाला चेन न लावणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, म्हणजे डोक्यात जाणारी. मागे एका मुलाने मला न विचारता स्वतःच बूट केले. नेहमीचे काळे लेदर शूज, वर रेक्झिनची नळी. बूट अगदी पायाला चिकटून दिसायला हवेत म्हणून त्याने रेक्झिन पोटरीभोवती गुंडाळलं, मित्राने मागून ओढून धरलं आणि पाय आत असतानाच दाभणाने वरपासून खालपर्यंत शिवून टाकलं, खालची कड बुटाला चिकटवली. दिसत होते झकास, फोटो पण टाकले ग्रुपवर. रात्री अकरा वाजता फोन. "ताई, बूट निघत नाहीये." मला आधी वाटलं घाम आलाय म्हणून अडकला असेल, पावडर टाक म्हणाले. नाही निघाला. मग तेल. तेही नाही. शेवटी त्याच्या आईने किचनमधल्या कात्रीने कापला, तेव्हा पोराचा पाय सुटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग!

आता हे का होतं ते समजून घ्या. टेप घ्या आणि घोट्याच्या जरा वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथे गुंडाळा. मोठ्या माणसाचं २२-२४ सेंटिमीटर येतं. आता तीच टेप टाचेच्या मागून पुढे पायाच्या उंचवट्यावरून तिरकी फिरवा. ३२-३४ येईल. म्हणजे दहाएक सेंटिमीटरचा फरक आहे, आणि रेक्झिन काही मोजा नाही ताणायला. जी नळी घोट्याला फिट बसते तिच्यातून टाच जाणारच नाही, मग तुम्ही कितीही तेल ओता. म्हणून आतल्या बाजूने, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांकडे तोंड करतात त्या बाजूने, चेन लावायची. पँटची नाही, जॅकेटला असते तशी खालून पूर्ण सुटणारी. प्रेक्षकांना ती दिसत नाही आणि दिसलीच तरी कुणी उठून जात नाही.

माझी पद्धत सांगते, दुसऱ्या कुणाची वेगळी असेल तर असो. मी शूजला काहीही चिकटवत नाही. रेक्झिनचा भाग वेगळा करते, तो पुढे शूजच्या लेसवर येतो आणि तळव्याखालून, टाचेच्या पुढून, एक रुंद इलास्टिक जातं. प्रयोग संपला की शूज परत ऑफिसला. मापासाठी जुना लांब मोजा घालायचा, शूज पण घालायचे, वरून किचनमधली क्लिंग फिल्म, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. मग पेनाने पुढची रेघ, आतल्या बाजूची रेघ, घोट्याच्या खुणा सगळं काढून घ्यायचं आणि आतल्या रेघेवर कापायचं. हा झाला तुमचा पॅटर्न. त्यावर चारी बाजूंनी २ सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड. माप उभं राहून आणि जी पँट आत खोचणार ती घालूनच घ्या, बसून घेतलेली पोटरी आणि उभी पोटरी सारखी नसते.

मागची कड पुढच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवा. नाहीतर कॅप्टनसाहेब खुर्चीत बसले की ती गुडघ्यामागे रुतते आणि अख्खा प्रवेश ते पाय लांब करून बसतात, दाढदुखी झाल्यासारखा चेहरा करून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, इथे बुटाची कड असते.

रेक्झिन मी सीट कव्हरवाल्याकडून उरलेले तुकडे घेते. त्याला टाचणी लावायची नाही, एकदा पडलेलं भोक कायमचं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. सुई १६ नंबरची, लेदरची मिळाली तर उत्तम, आणि टाका मोठा, ४ मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका मारला तर पोस्टाच्या तिकिटासारखी रांग तयार होते आणि तिथूनच फाटतं. मशिनचा फूट चिकटून पुढे सरकत नसेल तर वर बटर पेपर ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. नळी घोट्यात जमा होत असेल तर आतून बकरम (कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड) किंवा जुन्या योगा मॅटचा पातळ तुकडा घाला. योगा करणार नव्हताच तुम्ही.

आणि ग्लू गन. ही ग्लू गन ज्याने पोरांच्या हातात दिली त्याला एकदा भेटायचंय मला. रेक्झिन गुळगुळीत, त्यावर तो डिंक नीट धरत नाही, वाकलं की साल निघाल्यासारखा निघतो, आणि उन्हात उभ्या गाडीत बूट ठेवले तर मऊच होतो. इन्स्टंट ग्लूची ट्यूब तर घोट्याच्या जागी बिलकुल नको, ती वाळून काचेसारखी कडक होते आणि तिसऱ्या पावलाला तडकते. चिकटवायचंच असेल तर चप्पलवाले काका वापरतात ते रबर सोल्युशन आणा, दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर बोटाला येत नाही इतकं सुकलं की मग दाबा. सगळे ओलं असतानाच दाबतात आणि मग सांगतात की सोल्युशन खराब होतं. थांबायचं ते काम आहे हो, थांबा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको.

माळ्यावरचे बूट

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा हळू आवाजात सांगते. आमच्या ह्यांचे ट्रेकिंगचे बूट माळ्यावर होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, आठ-नऊ वर्षं. वरून एकदम कोरे. मला वाटलं चला, नवीन शूज घ्यायचे वाचले. पॉलिश केलं, वर रेक्झिन चढवलं, घरात घालून पाहिले, उत्तम. प्रयोगात कॅप्टन विंगेतून आला, खाड खाड चार पावलं टाकली आणि पाचव्या पावलाला नुसतं फस्स. टाचेचा अक्षरशः भुगा. स्टेजभर काळे तुकडे, शिळ्या केकचे पडावेत तसे. पोरगं हुशार, लंगडत लंगडत पूर्ण प्रवेश केला आणि परीक्षकांना वाटलं ते लंगडणं पात्राचंच आहे. कौतुक झालं त्याचं! पुढच्या ग्रुपला मात्र झाडू घेऊन यावं लागलं, त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते मी विसरलेली नाही.

नंतर चप्पलवाल्या काकांनी सांगितलं. हे हलके फोमसारखे सोल असतात ना, पीयूचे, ते हवेतल्या ओलाव्याने आतून सडतात. वापरला नाही तरी सडतो, पिशवीत बांधून ठेवला तरी वाचत नाही, ओलावा आतच कोंडतो. मुंबई-कोकणाकडच्या हवेत तर बोलायलाच नको. त्यामुळे माळ्यावरचे किंवा जुन्या बाजारातून आणलेले बूट असतील तर आधी सोलमध्ये अंगठ्याचं नख रुतवा. खूण तशीच राहिली किंवा चिकट लागलं तर ठेवून द्या. मग दोन्ही हातांनी बूट मधोमध वाकवा, बारीक भेगा दिसल्या तरी तेच. वरचा भाग फारच आवडला असेल तर काकांकडून रबरी सोल बसवून घ्या. तळ बघितल्याशिवाय मी आता कुठलाच बूट हातात धरत नाही.

कोट: कॅप्टन की बँडवाला

लाल साटिन आणू नका. लाल साटिन, सोनेरी लेस, चकचकीत बटणं, झाला वरातीतला बँडवाला, हातात फक्त क्लॅरिनेट द्यायचं बाकी. खरे कोट लोकरीचे, घट्ट विणीचे, अजिबात न चमकणारे असायचे. आणि सगळ्यांचा लाल सारखा नसायचा. शिपायांचा कोट मंजिष्ठाच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा, ऑफिसरचा कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या रंगाचा, भडक लाल. म्हणजे स्टेजवर चार शिपाई आणि एक कॅप्टन असेल तर नुसत्या कापडाच्या छटेने कोण साहेब ते कळतं, त्यासाठी सोनेरी लेस थापायची गरज नाही. कॉलर आणि कफ मात्र वेगळ्या रंगाचे, पलटणीप्रमाणे पिवळे, हिरवे, निळे असे. मी लाल ब्लेझरचं कापड मिळालं तर ते, नाहीतर केसमेंट, म्हणजे जाडसर सुती कापड, वापरते. गळ्यात चंद्रकोरीसारखा धातूचा पत्रा घालायची पण हौस असते, घाला, पण तो १८३० मध्ये बंद झाला. एकांकिका १८५७ची असेल तर पत्रा घरी ठेवा.

जुना ब्लेझर उसवून कोट करणार असाल तर फक्त खांदा बघा. खांदा बसला पाहिजे, बाकी कंबर, लांबी, बाही सगळं आत घेता येतं. वाढवायचं असेल तर मात्र आतली माया जितकी असेल तितकंच वाढतं, घेण्याआधी अस्तर थोडं उचलून बघा. पांढरा टेरिकॉटचा (म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा) ब्लेझर आणून लाल रंगात बुडवायचा शहाणपणा पण करू नका. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरला लागत नाही, गुलाबीसर काहीतरी होतं, आणि शिलाईचा दोरा पांढराच राहतो. मग आख्ख्या कोटावर पांढऱ्या रेघा.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक. हे जरा नीट ऐका. नवीन शिवणाऱ्याला वाटतं की हात मोकळा हलायला पाहिजे तर मुंढा खोल कापावा. बरोब्बर उलटं आहे. मुंढा जितका खाली तितकी बाही कोटाच्या अंगाला खालून जोडलेली, मग हात वर केला की अख्खा कोट वर. माझ्या पहिल्या कोटात कॅप्टनने तलवार उगारली आणि कॉलर त्याच्या कानांच्या वर गेली, डायलॉग कोटाच्या आतून आला. मुंढा काखेजवळ ठेवा, आणि तरीही ओढ येत असेल तर काखेत त्याच कापडाचा डायमंडच्या आकाराचा तुकडा घाला, उरेबवर, म्हणजे तिरका कापलेला. हात खाली असताना तो दिसतही नाही. ट्रायल घेताना आरशासमोर पुतळ्यासारखे उभे राहू नका हो, हात वर करा, वाका, उकिडवे बसा, कुणाला तरी मिठी मारा.

कफला मखमल लावताय तर हात फिरवून लव कुठल्या दिशेने पडते ते बघा आणि सगळे तुकडे एकाच दिशेने बेता. एक उलटा गेला की दिव्याखाली एक कफ काळा, एक राखाडी. मी कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढते. इस्त्री मखमलीला वरून कधीच नाही, जाड टॉवेलवर पालथी ठेवून नुसती वाफ.

बाकी पटापट

महागाच्या कापडाला पहिली कात्री लावू नका, आधी कोऱ्या मांजरपाटाचा कच्चा कोट करा. मीटर-दोन मीटर मांजरपाट वाचवून कुणी श्रीमंत झालेलं मी पाहिलं नाही.

सुती कापड आधी पाण्यातून काढा. १०० सेंटिमीटरला तीन-चार सहज आटतं, आणि ते प्रयोगानंतरच्या पहिल्या धुण्यात कळतं.

खालून दोऱ्याचा गुंता होतोय म्हणून बॉबिनशी भांडू नका. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा.

प्रत्येक शिवण झाली की तिथल्या तिथे इस्त्री. "शेवटी एकदाच करते" म्हणणाऱ्यांचे कोट लांबूनसुद्धा ओळखू येतात.

रेक्झिनवर गरम इस्त्री? एकदा करून बघा, इस्त्री नवीन घ्यावी लागेल.

टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. कुणाला तरी टोचेपर्यंत हे पटत नाही.

प्रयोगाच्या दिवशी माझ्या पिशवीत सेफ्टी पिना, लाल आणि काळा दोरा ओवलेल्या दोन सुया, रुंद काळी टेप, एक जादा इलास्टिक आणि एक मोठी कात्री असते. कात्री त्या रात्रीच्या फोननंतर वाढली. आणि हो, बूट प्रयोगानंतर परत आणून द्यायचे असतात, माझे तीन जोड अजून आलेले नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत आहे.