सड्यावर सडा नको! मातीची जिवंत साय राखताना या चुका टाळा

मे महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) उघड्या पठारावर, जा. करपलेल्या भाकरीसारखी काळपट, खरखरीत जमीन, चिऱ्याच्या खाचांत चिमूटभर माती आणि वर कडक ऊन. सरकारी कागदात ही 'पडीक', गावच्या तोंडी 'ओसाड'. पण ते काळं म्हणजे घाण नव्हे आणि जळलेलं तर मुळीच नव्हे. नील-हरित शेवाळ, दगडफूल, मॉस आणि बुरशी यांनी मिळून धरलेली ती साय आहे. शेवाळाचे चिकट धागे मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, काही जाती हवेतला नायट्रोजनही मातीत आणतात.

जगाच्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग अशा सायीखाली आहे, आणि त्यातला बहुतेक कोरड्या प्रदेशात. आता कोणी म्हणेल, गोव्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस, इथे वाळवंटाचं काय काढलंत? पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि कातळावरून ओहोळाला लागतो. उरलेले आठ महिने सड्यावरचं शेवाळ वाळवंटातल्यासारखंच सुकून पडून असतं. म्हणून तिकडचे धडे इथे कामाला येतात.

मेलेलं समजणं

साय जिवंत आहे का, हे पाहायला लोक सरळ बाटलीतलं पाणी ओततात. तसं करू नका (का ते पुढे येईलच). आधीच तुटून पडलेला नखाएवढा सुटा तुकडा उचला आणि त्यावर दोन थेंब टाका. काही मिनिटांत काळ्यातून हिरवट झाक वर येते, मॉस असेल तर त्याची मिटलेली पानं डोळ्यांदेखत उघडतात. मुलांना दाखवायला याहून चांगली जादू नाही.

झाडं लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अकरा वर्षांपूर्वी वनमहोत्सवात आमच्या गटाने पेडण्याकडच्या एका सड्यावर साठ खड्डे मारले. पहारीने कातळ फोडला, टेंपोभर तांबडी माती आणली, वर शेणखत. फोटो झाले, भाषणं झाली, चहा-भजी झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही रोप उरलं नव्हतं.

रोपं मेली याचं दुःख कमी. खणताना साय उलटी होऊन मातीखाली गाडली गेली आणि उजेड तुटल्यावर तिचं काही चालत नाही. आणलेल्या मातीतून तणाचं बी आलं. सड्याची माती मुळातच उपाशी असते. दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी झाडं तिथेच वाढतात, कारण मातीतून पोट भरत नाही. तिथे शेणखत पडलं की उंच गवत माजतं आणि या चिमुकल्या झाडांना सावलीत कोंडतं. अकेशिया लावला असता आणि तो जगला असता, तर आणखी वाईट. त्याच्या पाचोळ्याचा थर सायीला उजेडच मिळू देत नाही.

उन्हाळ्यात पाणी शिंपडणं

अंगणात सडा घालावा तसा सड्यावर सडा घालणारे दयाळू लोक मी पाहिले आहेत. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला. उन्हाळ्यात वरचेवर, दर वेळी फक्त १.२ मिलिमीटर पाणी दिलं, आणि तिथलं मॉस एका हंगामातच जवळजवळ संपलं. २०१२ साली हे निष्कर्ष छापून आले. कारण साधं आहे. पाणी लागताच मॉस जागं होतं, पेशींची डागडुजी करायला साठवलेलं अन्न खर्च करतं, आणि नवं अन्न तयार होण्याआधीच पुन्हा सुकतं. दर वेळी कर्ज वाढतं, शेवटी दिवाळं. हवामान बदलून पावसाची वेळ आणि माप बिघडलं की सायीला भीती आहे ती याचीच. त्यात आपल्या बाटलीची भर कशाला?

कुठूनही चालणं

कोरडी साय पापडासारखी मोडते. युटातच दुसऱ्या एका प्रयोगात जमिनीचे काही तुकडे कित्येक वर्षं कृत्रिम उष्णतेने तापवले, काही मुद्दाम पायांनी तुडवले. दोन्हीकडे सारखंच घडलं: मॉस आणि दगडफूल गेलं, नुसतं सगळ्यात आधी धरणारं शेवाळ उरलं. शेवाळ काही वर्षांत परत येतं, मॉस आणि दगडफुलाला दशकं लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं बघायला येणाऱ्यांनी एकाच पायवाटेने, एकामागून एक चालावं. फोटोसाठी गाडी वर चढवणाऱ्याला मी फुलांचा चाहता मानत नाही.

बिघाड कसा ओळखावा

काळ्या जमिनीत फिकट तांबूस पट्टा दिसला, तर वाट रुंदावते आहे. दोरी बांधा किंवा काजूच्या सुक्या फांद्या आडव्या टाका. कडेला दगड मात्र रचू नका, कारण ते सड्यावरूनच उचलले जातात आणि त्यांच्याखाली बेडूक-विंचवांची घरं असतात. ओहोळाला पहिल्या सरींनंतरही तांबडं पाणी येतच राहिलं, तर वर कुठेतरी साय फाटली आहे, चढून बघा. राख दिसली तर एप्रिलमध्ये कोणीतरी गवत पेटवलंय. तिथे गावात बोलणं हाच उपाय.

एकीकडची काढून दुसरीकडे लावणं

धोतर फाडून रुमाल शिवण्यातला प्रकार. साय उचलायचीच असेल, तर जिथे चिऱ्याची खाण किंवा रस्ता नक्की होणार आहे तिथलीच. कोरडी असताना उचला, कोरडीच ठेवा, आणि पावसाच्या तोंडावर चुरून कातळाच्या खाचांत घाला. उघड्यावर टाकलेली पहिल्याच धुवांधार सरीत वाहून जाते.

चीनमध्ये शापोतोउ इथे १९५६ पासून रेल्वेमार्ग वाचवायला वाळूत गवताचे मीटरभराचे चौकोन रोवले. वाळू हलायची थांबली आणि पुढच्या वर्षांत साय आपोआप धरली. सड्यावर वाळू नाही, चौकोनांची गरजही नाही. जमीन हलती ठेवू नये, एवढंच तिथून घेण्यासारखं.

आमचे साठ खड्डे अजून ओळखू येतात. तिकडे आता कोणी फिरकत नाही. गेल्या जूनमध्ये गेलो, तर एका खड्ड्याच्या काठावर आठ आण्याएवढा काळा ठिपका दिसला. हात लावला नाही.