उद्यमबागेतल्या शेडमधून बाईकचे पार्ट बाहेरदेशी पाठवायचे तर

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठंबी जावा, फाउंड्रीवाला भेटला की हल्ली एकच विषय, पंप-व्हॉल्वच्या कास्टिंगमधे काय उरत नाही, बाईकचे पार्ट एक्सपोर्ट करूया की. करा की, नको कोण म्हणालंय, पण लगेच मिळेल तो पार्ट ओतून पोर्टलवर फोटो टाकू नका. पहिल्यांदा पार्ट ठरवायचा नाही, गाडी ठरवायची.

आपल्याकडं गल्लीगल्लीत स्प्लेंडर आहे म्हणून जगभर तीच असं नाही. युगांडा-केनियात बोडाबोडा म्हणजे बाईक टॅक्सी, त्यात बजाज बॉक्सर आणि टीव्हीएसची एचएलएक्स भरपूर, नायजेरियात त्याच धंद्याला ओकाडा म्हणतात, कोलंबियात पल्सर. व्हिएतनाम-इंडोनेशियात होंडा-यामाहाचं राज्य आणि त्यांचे सप्लायर तिथंच बसलेत, तिकडं लहान माणसानं डोकं आपटू नये असं माझं मत. २०२४-२५ साली भारतातून ४२ लाखांच्या आसपास टू-व्हीलर बाहेर गेल्या, त्या तिकडं जुन्या व्हायला लागल्या की पार्ट लागणारच. त्यात टॅक्सीची गाडी दिवसभर माणसं आणि पोती घेऊन कच्च्या रस्त्यावर पळते, म्हणून चेन, स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, ब्रेक शू, क्लच प्लेट, बेअरिंग हे सारखं बदलावं लागतं. असलाच झिजणारा एक पार्ट धरा. एकच. आठ-दहा पार्टांचा कॅटलॉग छापून काही होत नाही.

आता सॅम्पल, इथं घाई करू नका. गॅरेजमधून जुना स्प्रॉकेट आणून त्यावरून ड्रॉइंग काढणारे लई आहेत, पण झिजलेल्या दातावरून खरं माप कसं मिळणार? ओरिजिनल नवे नग घ्या, तेपण वेगवेगळ्या लॉटचे तीन-चार, म्हणजे कंपनी किती फरक चालवून घेते ते कळतं. आणि बॉक्सर म्हटलं की एकच गाडी असं समजू नका, १०० सीसीची वेगळी, १५० ची वेगळी, त्यातही मॉडेल बदललेलं असतं, म्हणून बायरकडून पार्ट नंबर, दातांची संख्या आणि जमलं तर जुन्या पार्टचा मोजपट्टीसकट फोटो मागवा. चेनचा साइझ विचाराच. ४२८ म्हणजे पिच, चेनच्या दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी, ५२० म्हणजे १५.८७५, पहिला आकडा इंचाचे आठवे भाग सांगतो. मटेरियल सी४५ स्टील, आपण ईएन-८ म्हणतो जवळपास तेच, चालतं, पण दात इंडक्शन हार्डनिंग केलेले, म्हणजे विजेनं वरचा थर तापवून कडक केलेले, पाहिजेत आणि आतला भाग चिवट राहिला पाहिजे, सगळाच कडक केला तर खड्ड्यात दात तुटून हातात येतो. हार्डनेसचा रिपोर्ट दर लॉटला काढा, बायरनं मागितला नसला तरी.

चीनच्या, म्हणजे चोंगचिंगकडच्या मालाला नुसत्या रेटनं हरवायचं म्हणाल तर अवघड आहे. आपला लॉट शंभराव्या नगापर्यंत सारखा असतो एवढंच दाखवता येतं, आणि दुसरी ऑर्डर त्यावरच येते.

नावाचं एक सांगतो. डब्यावर किंवा नगावर गाडीच्या कंपनीचा लोगो मारायचा नाही, बायर म्हणाला तरी नाही. ट्रेडमार्कच्या भानगडीत माल कस्टममधे अडकला की सोडवायला कोण येत नाही. स्वतःचं नाव टाका आणि अमुक मॉडेलला बसतो एवढं साधं लिहा.

आपल्या भागातली एक खास अडचण म्हणजे बॉर्डर. ओतकाम बेळगावात, मशिनिंग किंवा हीट ट्रीटमेंट कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावात, हे आपल्याला शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं वाटतं, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदललं. जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायचा, माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत ५० हजारांच्या खाली असली तरी ई-वे बिल लागतं, चलनबी लागतं. टेम्पोवाल्याच्या हातात नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.

कागदं वाटतात तेवढी अवघड नाहीत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, डीजीएफटी या केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो, पॅनवरच असतो, बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशी पैसे घेणाऱ्या शाखेचा नंबर, पोर्टला रजिस्टर करायचा, आयजीएसटी न भरता माल पाठवायचा तर जीएसटीत एलयूटी हे हमीपत्र टाकायचं, आणि ईईपीसी या इंजिनीअरिंग मालाच्या निर्यात परिषदेची मेंबरशिप. एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा नंबर, मात्र नीट बघा, बाईकचा पार्ट म्हणून सगळं ८७१४ मधे ढकलतात लोक. स्प्रॉकेट तिथं ठीक, पण रोलर चेन ७३१५ मधे, पिस्टन ८४०९ मधे, स्पार्क प्लग ८५११ मधे. किट म्हणून एकत्र पाठवताना सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला, आधी विचारा.

पहिल्यांदाच करालाय तर मी म्हणेन मर्चंट एक्सपोर्टरला, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, माल द्या. त्याला ०.१ टक्के जीएसटीनं देता येतो, फक्त त्यानं ९० दिवसांत तो बाहेर काढला पाहिजे आणि त्याचा पुरावा तुमच्याकडं आला पाहिजे. मार्जिन कमी मिळेल, पण तोवर पॅकिंग, रिजेक्शन, तारखा सगळं अंगवळणी पडतं.

रेट देताना आपली सवय किलोची. बाहेरचा माणूस नगावर बोलतो, म्हणून एका नगाचं वजन, स्क्रॅप, मशिनिंगचा टाइम, हार्डनिंग, पॅकिंग असं वेगळं मांडा. एफओबी न्हावा शेवा, म्हणजे मुंबईजवळच्या त्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा रेट, म्हटलं की बेळगावपासूनचं ट्रकभाडं, सीएचए, पोर्टचा खर्च सगळं तुमच्या गळ्यात, हे विसरून कोट देणारे बघितलेत. गोव्याचं बंदर जवळ आहे खरं, पण फ्रेट फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाची जागा ठरवून देणाऱ्याकडून, दोन्हीकडचं शेड्यूल मागवूनच ठरवा. २०२३ च्या शेवटी रेड सीत जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला आणि भाडी कशी चढली ते सगळ्यांनी बघितलंय, म्हणून कोटला मुदत घाला.

पॅकिंगला व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणारी, पिशवी घालाच, समुद्राच्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही. लाकडी पॅलेट असेल तर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का असलेलंच, सॉ मिलमधून आणलेल्या फळ्या ठोकून चालत नाही. नायजेरियाला सॉनकॅप, केनियाला पीव्हीओसी, माल तिथल्या स्टँडर्डला बसतो अशी ही सर्टिफिकेटं माल निघायच्या आधी लागतात, त्याचा खर्च कोण भरणार ते ऑर्डरमधेच लिहून घ्या.

पैशाचं शेवटी, पण खरं तर आधी ठरवायचं. नवीन बायर असेल तर काही रक्कम अॅडव्हान्स आणि उरलेली बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, कॉपी बघून, ओरिजिनल कागदं पैसे आल्यावर. मोठी ऑर्डर असेल तर एलसी, म्हणजे बायरच्या बँकेची पैशाची हमी, आणि उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचं निर्यात विम्याचं कव्हर घेऊन. नायजेरियासारख्या ठिकाणी बायर प्रामाणिक असूनपण बँकेत डॉलर मिळाला नाही की पेमेंट लटकतं, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाईकाला दुसरा लॉट ओतायच्या आधी पहिल्याचे डॉलर खात्यात आलेत का ते बँकेत फोन करून विचारा, त्याच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या स्विफ्टच्या, म्हणजे बँकेनं पैसे पाठवल्याच्या कागदाच्या, फोटोवर भट्टी पेटवू नका.