तुरुंगातल्या माणसाला पुस्तक पाठवण्याआधी

जवळचं कुणी तुरुंगात असेल आणि त्याला पुस्तक पाठवायचं असेल, तर आधी त्या तुरुंगाचे नियम विचारून घ्या. एकाच देशातल्या दोन तुरुंगांतही ते वेगळे असू शकतात. पुस्तक घरून चालेल की थेट प्रकाशक किंवा विक्रेत्याकडूनच यायला हवं, एका वेळी किती ठेवता येतात, पाकिटावर कैदी क्रमांक लागतो का, एवढं तरी विचाराच.

पुस्तक अडतं ते बऱ्याचदा मजकुरामुळे नाही, तर बांधणीमुळे. जाड पुठ्ठ्याच्या आत वस्तू लपवता येते, स्पायरलची तार काढून वापरता येते, म्हणून साधी पेपरबॅक प्रत घ्या. ती नवी आणि कोरी असावी. पानांवर डाग, अत्तर, चिकटपट्टी नको. कागद अमली द्रव्यात भिजवून आत पोचवण्याचे प्रकार झाल्यामुळे तपासणी कडक असते. आत प्रेमाने दोन ओळी लिहाव्याशा वाटतील, पण त्या वेगळ्या पत्रात लिहा. मजकुराचं म्हणाल तर शस्त्रं, स्फोटकं, पळून जाण्याच्या युक्त्या, परिसराचे नकाशे हे सहसा नाकारलं जातं.

पुस्तक परत आलं तर कारण लेखी मागा आणि दाद कुठे मागायची तेही विचारा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांतल्या 64व्या नियमानुसार प्रत्येक तुरुंगात सगळ्या कैद्यांसाठी ग्रंथालय हवं, त्यात करमणुकीची आणि माहितीपर अशी दोन्ही पुस्तकं हवीत. अर्जात याचा उल्लेख जरूर करा.