हृदयसंशोधनाचा पेपर कुठे पाठवायचा: या चुका टाळा

'आधी पेपर लिहून तर होऊ दे, जर्नल मग बघू' हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. जर्नल ठरल्याशिवाय तुम्ही कुणासाठी लिहिताय हेच ठरत नाही. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी होते त्या खोलीत) दिवस काढणाऱ्यासाठी लिहिलेली प्रस्तावना आणि साथरोगशास्त्राच्या माणसासाठी लिहिलेली प्रस्तावना एक नसते. तरीही लोक पेपर पूर्ण करतात आणि शेवटच्या रात्री गुगलवर 'फास्ट पब्लिकेशन कार्डिऑलॉजी' असं टाइप करतात. पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मेलवरच्या आमंत्रणाला भुलणं

'आदरणीय प्राध्यापक, आपला मौलिक लेख वाचून आम्ही प्रभावित झालो' अशी मेल, ज्याच्या नावावर एकही लेख नाही अशा रेसिडेंटलाही येते. आपण प्राध्यापक नाही हे त्याला माहीत असतं, तरी तो विरघळतो.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा स्ट्रेन इकोचा (हृदयाच्या स्नायूची हालचाल मोजणाऱ्या सोनोग्राफीचा) उत्तम डेटा जमवला होता. मुलाखत तोंडावर आलेली, सीव्हीवर एक पेपर हवा होता. मेल पाठवणाऱ्या जर्नलचं नाव एका जुन्या, मानाच्या जर्नलसारखंच, फक्त मध्ये 'इंटरनॅशनल' घुसवलेलं. आठवड्याच्या आत पेपर मंजूर. रिव्ह्यूअरची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाची, सूचना एकच: इंग्रजी तपासून घ्या. पाठोपाठ बिल आलं, आणि ते पाहून त्याला जाग आली. पेपर मागे घेतो म्हणाला, तर मागे घेण्याचेही पैसे मागितले. त्याने दिले नाहीत. त्यांनी कॉपीराइटच्या कागदावर सही नसतानाही पेपर छापून टाकला.

खरा फटका नंतर बसला. तोच पेपर नीट सुधारून त्याने एका चांगल्या जर्नलकडे पाठवला. तिथल्या मजकूर-साम्य तपासणीत जवळजवळ सगळा पेपर आधीच प्रसिद्ध झालेला निघाला आणि संपादकाने दुबार प्रकाशनाबद्दल खुलासा मागितला. सगळा पत्रव्यवहार दाखवूनही पेपर परत आला. डेटा खरा, मेहनत खरी, पण तो पेपर संपला.

हे एकट्या-दुकट्याचं दुर्दैव नव्हे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस (वाचकाला मोफत, शुल्क बहुधा लेखकाकडून घेणाऱ्या) जर्नल्सकडे पाठवला होता. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला.

मग तपासायचं कसं? माझा नियम साधा आहे: जर्नल स्वतःबद्दल काय सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाहेरून तपासायचं. आयएसएसएन हा जर्नलचा निव्वळ ओळख क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही. डीओआय या लेखाच्या क्रमांकाचंही तेच. 'आम्ही पबमेडमध्ये (वैद्यकीय लेख शोधण्याच्या अमेरिकी सूचीत) आहोत' हा दावा सर्वांत फसवा, कारण अमेरिकेच्या सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे सुटे पेपर पबमेड सेंट्रल या लेखसंग्रहामार्गे पबमेडमध्ये येतात, मग ते कुठल्याही जर्नलमधले असोत. त्यामुळे मी एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉग उघडते आणि जर्नल सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे पारखून घेतलेल्या जर्नल्सच्या सूचीत, निवडलेलं आहे का ते पाहते. ओपन ॲक्सेस असेल तर डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या सूचीत शोधते. कोप या प्रकाशन-नीतिमत्तेच्या समितीचं सदस्यत्व कोपच्याच संकेतस्थळावर बघते, जर्नलच्या पानावरचा लोगो कुणीही चिकटवू शकतो. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात तो आकडा) म्हणजे क्लॅरिव्हेट ही कंपनी देते तोच. त्याच्या आधी 'ग्लोबल' किंवा 'युनिव्हर्सल' असं काही जोडलेलं दिसलं की टॅब बंद. ग्रंथपाल जेफ्री बील यांची फसव्या जर्नल्सची प्रसिद्ध यादी जानेवारी २०१७ मध्येच बंद झाली, तेव्हा 'बीलच्या यादीत नाही' हा आता पुरावा होत नाही.

आणि शेवटी मी ताज्या अंकातले माझ्या विषयाचे दोन-तीन पेपर वाचते. कंटाळवाणं काम आहे. पण एवढं वाचायचा कंटाळा असलेल्या माणसाने त्या जर्नलकडून आपला पेपर कुणी वाचेल अशी अपेक्षा का करावी?

इम्पॅक्ट फॅक्टरच्या शिडीवरून एकेक पायरी खाली येणं

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि ती हुशार लोक करतात. एका गटाकडे एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या) अब्लेशन या उपचाराचा एकाच केंद्रातला, जुन्या नोंदींतून काढलेला, पण स्वच्छ डेटा होता. पेपर आधी 'सर्क्युलेशन'ला, मग 'युरोपियन हार्ट जर्नल'ला, मग 'जॅक'ला, मग 'जामा कार्डिऑलॉजी'ला. प्रत्येक वेळी संपादकाच्या टेबलावरूनच परत. प्रत्येक वेळी शब्दमर्यादा वेगळी, सारांशाचा साचा वेगळा, संदर्भांची पद्धत वेगळी. दरम्यान त्याच प्रश्नावर अनेक केंद्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि यांच्या पेपरात नवीन काही उरलं नाही. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांना वाहिलेल्या 'हार्ट ऱ्हिदम' किंवा 'युरोपेस'कडे पहिल्या दिवशी पाठवला असता, तर ज्यांनी वाचायला हवा त्यांनी तो वाचला असता.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी मिळालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या. सरासरी आहे ती. 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये युरोपच्या हृदयरोग संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं छापून येतात, 'सर्क्युलेशन'मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनची हृदयरोगाची वार्षिक आकडेवारी. अशा दस्तऐवजांना उल्लेखांचा पाऊस पडतो आणि सरासरी वर जाते. तुमचा पेपर शेजारी छापला म्हणून त्याला तेवढे उल्लेख मिळत नाहीत.

मी काय करते? स्वतःच्या संदर्भयादीत कुठलं जर्नल वारंवार येतंय ते मोजते. ज्यांच्याशी मी पेपरात बोलतेय ते बहुतेक तिथलेच वाचक असतात. मग लिहायला बसण्याआधीच तीन नावं कागदावर उतरवते: एक जरा महत्त्वाकांक्षी, एक जिथे पेपर खरोखर शोभेल, एक खात्रीचं. सहलेखकांची संमती तेव्हाच घेते, नाहीतर नकार आल्यावर महिनाभर नुसत्या मेल्स फिरतात. महत्त्वाकांक्षी नाव मोठ्या घराण्यातलं असेल तर उत्तम. 'सर्क्युलेशन'ची हार्ट फेल्युअर, ॲरिदमिया, इमेजिंग वगैरे भावंडं २००८ पासून आहेत, 'जॅक'चीही तशीच आहेत. मोठ्याने नाकारलेला पेपर तिथे वळवता येतो, आणि रिव्ह्यू झालेले असतील तर तेही बरोबर जातात. असा प्रस्ताव आला की बरेच नवशिके अपमान समजून नाही म्हणतात. घ्या हो!

बाकीच्या, थोडक्यात

केस रिपोर्ट मुख्य जर्नलकडे पाठवू नका. त्यांच्यासाठी 'युरोपियन हार्ट जर्नल: केस रिपोर्ट्स' आणि 'जॅक: केस रिपोर्ट्स' आहेत. दोन्ही ओपन ॲक्सेस, म्हणजे शुल्क आधी बघा.

शुल्काची सवलत बहुतेक ठिकाणी पेपर सादर करतानाच मागावी लागते. मंजुरीनंतर हात जोडून उपयोग नाही. आणि संमिश्र जर्नलमध्ये (वर्गणी आणि ओपन ॲक्सेस, दोन्ही मार्ग असलेल्या) वर्गणीदारांसाठीच्या मार्गाने बहुधा फुकट छापता येतं, हे कुणी वाचतच नाही.

रुग्णांवरच्या चाचणीची (क्लिनिकल ट्रायलची) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली नसेल, तर आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) नियम पाळणारी जर्नल्स ती सहसा घेत नाहीत. हा नियम १ जुलै २००५ पासून रुग्ण घेऊ लागलेल्या चाचण्यांना लागू आहे. आज ऐकून आश्चर्य वाटायचं कारण नाही.

विशेषांकाच्या निमंत्रणांपासून जपून. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशन संस्थेने ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले, त्यांतले बरेचसे विशेषांकांतले होते. त्याच वर्षी वेब ऑफ सायन्स या क्लॅरिव्हेटच्या सूचीने कित्येक जर्नल्स यादीतून काढली, तेव्हा मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

एकाच वेळी दोन जर्नल्सकडे पेपर: नाही म्हणजे नाही.

कव्हर लेटरवर (पेपरसोबत संपादकाला लिहिलेल्या पत्रावर) आधीच्या जर्नलचं नाव राहिलंय का, बघा.

आणि नकार आला की तोच पेपर, तशाच्या तसा, त्याच संध्याकाळी पुढच्या जर्नलकडे ढकलू नका. उपविषय लहान असतो, रिव्ह्यूअर मोजके असतात. एकच पेपर मला दोन वेगवेगळ्या जर्नल्सकडून तपासायला आला. दुसऱ्या तक्त्यातली बेरीज दोन्ही वेळा तितकीच चुकलेली होती. मी संपादकांना कल्पना दिली आणि पहिलाच रिव्ह्यू पुन्हा पाठवला.