सणासुदीचा ताण: आधी काय गाळायचे ते ठरवावे

सणासुदीच्या दिवसांत ताण येतो म्हणजे आपल्यातच काही उणे आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेशी जुळवून घेताना माणसाला किती झळ बसते त्यानुसार तिला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि विवाहाला ५० गुण देणाऱ्या त्या यादीत तळाशी का होईना, पण सुट्टीला १३ आणि नाताळला १२ गुण आहेत. आनंदाच्या प्रसंगानेही झोपेची, जेवणाची आणि खर्चाची रोजची घडी विस्कटते, आणि नेमक्या त्याच वेळी घरात माणसे वाढलेली असतात. मात्र या दिवसांतला बराचसा ताण कामाच्या ओझ्यापेक्षा न घेतलेल्या निर्णयांचा असतो, आणि तो वेळीच हलका करता येतो.

त्यासाठी सण दोन-तीन आठवड्यांवर आला की एक वही घेऊन बसावे आणि डोक्यात घोळणारे प्रत्येक काम, कितीही क्षुल्लक वाटले तरी, तिच्यात उतरवावे. केवळ लिहून न थांबता प्रत्येक कामापुढे ते कोण, कोणत्या दिवशी करणार हेही टाकावे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अपुरे काम मनाला टोचत राहते खरे, पण ते कधी व कसे करायचे याचा नेमका बेत आखला, की काम पूर्ण झाले नसतानाही ती टोचणी कमी होते. यानंतर यादीवरून पुन्हा नजर फिरवून प्रत्येक कामाबाबत, हे झाले नाही तर कोणाच्या लक्षात येईल, असे विचारावे. ज्याचे उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे येईल, ते काम सरळ खोडावे. यादी वाचताना घरातले सगळे समोर असलेले बरे, कारण एकाने परस्पर गाळलेली गोष्ट ऐन सणाच्या दिवशी भांडणाचे निमित्त होते.

उरलेल्या कामांना किती वेळ लागेल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी पडतो. १९९४ मधील एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. म्हणून मनात आलेला वेळ दीडपट करूनच वहीत लिहावा आणि तेवढ्या वेळात न बसणारे काम तेव्हाच सोडून द्यावे.

कामाची वाटणी हा सर्वांत नाजूक भाग आहे. बहुतेक घरांत एकच व्यक्ती, आणि ती बहुधा बाईच असते, सगळे लक्षात ठेवते आणि बाकीचे ‘काय करू ते सांग’ म्हणून उभे राहतात. यात हात वाढतात, पण डोके एकाचेच शिणते. तेव्हा एकेक काम मुळापासून शेवटापर्यंत एकाकडे सोपवावे. ‘पाहुण्यांची व्यवस्था तुझ्याकडे’ याचा अर्थ ते कधी येणार हे फोन करून विचारणे, अंथरुणे-पांघरुणे आधी धुऊन वाळवणे, कोणाला जिना चढवत नाही हे ध्यानात ठेवून झोपण्याची जागा ठरवणे आणि ते गेल्यावर खोली पूर्ववत करणे, हे सारे त्यात आले. एकदा काम दिले, की चादरीची घडी आपल्या पद्धतीची नाही म्हणून ते परत हातात घेऊ नये. हे जड जाते, पण ज्याला पदोपदी दुरुस्त केले जाते तो पुढच्या वेळी अंग काढून घेतो.

पैशाच्या बाबतीत आधी एकूण रक्कम ठरवावी आणि मग तिचे वाटे पाडावेत. उलट क्रमाने गेल्यास बेरीज हाताबाहेर जाते. भेटवस्तूंवर होणारा खर्च तर पुष्कळदा देणाऱ्याच्याच समाधानासाठी असतो. फ्लिन आणि अ‍ॅडम्स यांच्या २००९ मधील अभ्यासात, वस्तू जितकी महाग तितकी ती अधिक आवडेल अशी देणाऱ्यांची अपेक्षा होती, पण घेणाऱ्यांच्या आवडीचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही.

नातेवाइकांच्या खोचक प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तर सुचत नाही, म्हणून ते आधीच योजून ठेवावे. ‘मग लग्नाचं काय ठरलं?’ याला ‘ठरलं की तुम्हाला कळवतोच. काकू, तुमचा गुडघा आता कसा आहे?’ एवढे पुरते. वाद चिघळणार असे दिसले, तर पाणी आणण्याच्या निमित्ताने उठावे. कोणाकडे किती वेळ थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि यजमानांनाही पोहोचताच सांगून टाकावे, म्हणजे निघताना आग्रह आणि नाराजी यांची ओढाताण होत नाही.

शरीराचे हिशेब साधे आहेत. प्रौढांना किमान सात तास झोप लागते. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास जातात, त्यामुळे संध्याकाळच्या गप्पांतला जादा कप मध्यरात्री भोवतो. फारच घुसमट झाली तर चार अंक मोजत श्वास आत घ्यावा, सहा मोजत सोडावा आणि असे पाच मिनिटे करावे. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते.

आता आनंदाविषयी. कामे उरकल्यावर मजा करू, असे म्हटले की मजेची पाळी येतच नाही, म्हणून वहीत तिची जागा कामांच्याही आधी राखावी. घरातल्या प्रत्येकाला, लहानांनाही, ‘या सणात तुला नेमके काय हवे आहे?’ असे विचारून एकेकच गोष्ट सांगायला लावावी. उत्तरे बहुधा स्वस्त आणि सोपी निघतात: कोणाला पत्त्यांचा लांबलचक डाव हवा असतो, कोणाला उशिरापर्यंत झोपायचे असते. त्या गोष्टींना दिवस आणि वेळ द्यावी आणि त्या चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. याखेरीज एक अर्धा दिवस मुद्दाम मोकळा सोडावा, आणि कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी प्रवास टाळावा.

घरातले कोणी नुकतेच गेले असेल, तर मात्र उत्साहाची सक्ती कोणावरही करू नये. त्या व्यक्तीचे नाव टाळण्यापेक्षा तिच्या आठवणी मोकळेपणाने काढाव्यात आणि कोणते सोपस्कार यंदा नकोत हे सर्वाधिक दुःखी असलेल्या माणसाला ठरवू द्यावे. एकटे राहणाऱ्यांनी आमंत्रणाची वाट न पाहता स्वतःच कोणाला तरी चहाला बोलवावे. उदासी, झोप उडणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, तर सण संपेपर्यंत थांबू नये, डॉक्टरांना भेटावे. आणि जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत मिळवावी.