संकरित माशी नर की मादी? या चुका टाळा

“सर, आमच्या बाटलीत एकही रिकॉम्बिनंट नाही. मोजताना काहीतरी चुकलं.” सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांचं फळमाश्यांचं प्रॅक्टिकल घेताना हे दर वर्षी ऐकतो. रिकॉम्बिनंट म्हणजे आजी-आजोबांच्या गुणांची नवी जुळणी घेऊन आलेली माशी. मोजणी बरोबरच असते. काळं शरीर आणि खुरटे पंख या जनुकांच्या टेस्ट क्रॉससाठी (संकरित माशीचा ही दोन्ही लक्षणं असलेल्या माशीशी संकर) त्यांनी संकरित नर घेतलेला असतो. फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, होतच नाही; आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गनने हे १९१२ मध्येच दाखवलं. संकरित मादी घेतली की सुमारे १७-१८ टक्के रिकॉम्बिनंट मिळतात. तेव्हा शून्य आलं तर आधी भिंगाखाली नर ओळखा: पोटाचं टोक काळंभोर, पुढच्या पायांवर बारीक काळा कंगवा. जर्नलमधले आकडे मात्र कृपा करून ‘दुरुस्त’ करू नका. शून्य हेच खरं उत्तर आहे.

याहून फसवी चूक एफ-टू, म्हणजे नातवंडांच्या, पिढीत होते. काळं शरीर आजीकडून आणि खुरटे पंख आजोबांकडून आले असतील, तर मुलं ९:३:३:१ ची (दोन जनुकं स्वतंत्र वागली तर येणाऱ्या प्रमाणाची) वाट बघत बसतात. हाती येतं २:१:१, म्हणजे दोन साध्या, एक काळी, एक खुरट्या पंखांची. एकाच वेळी काळी आणि खुरट्या पंखांची माशी जन्मायला आई-बाप दोघांकडून अदलाबदल झालेलं गुणसूत्र यावं लागतं, आणि बाप ते देऊच शकत नाही. हजार माशा मोजल्या तरी ती दिसणार नाही. दिसलीच, तर बाटलीत बाहेरची माशी शिरलीय असं समजा.

इतकं कळलं की पोरं ‘नरात पुनर्संयोजन नसतं’ असा सरसकट नियम करून टाकतात. आपल्या जिल्ह्यात तुती लावून कोष काढणारी घरं आहेत. त्या रेशीमकिड्यात नेमकं उलटं आहे, तिथे मादीत अदलाबदल होत नाही. माणसात ती दोघांतही होते, फक्त आईकडे जास्त: बीजांडात सरासरी चाळीसेक, शुक्राणूत सव्वीसच्या आसपास. पण गुणसूत्रांच्या टोकांपाशी बापाचं प्रमाण वरचढ असतं. म्हणून दोघांच्या सरासरीने काढलेल्या जनुकांच्या नकाशावरून एकाच पालकातलं जनुकांमधलं अंतर काढू नका.

आणि आपलं ऊन! मार्चनंतर बाटल्या खिडकीत नकोतच. मादीतलं क्रॉसिंग ओव्हर तापमानाने बदलतं, हे संशोधक प्लाऊने १९१७ मध्येच दाखवलं होतं. तिशीच्या वर वाढलेले नर तर वांझ निघतात. बाटलीच्या चिठ्ठीवर तापमान लिहा, आणि त्याशेजारीच संकरित पालक नर की मादी, तेही.